भूभूबाईची नात

जोहे, १२ जून २०२३

मृणाली,

आशीर्वाद लिहिते आहे तो सवयीने. मनातून नाही, हे आधीच सांगून टाकते.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. जितेशच्या फोनवरून लावला तर उचलतेस आणि माझा आवाज कानावर पडला की ठेवतेस. बरं. रोह्याला पोस्टमन येतो ना अजून? पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तू माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, लहानपणी माझ्या मांडीवर मुतलेली. तुझी खोड मला नाही कळणार तर कुणाला?

आठवडा झाला पोरीला काखोटीला मारून एसटीत बसलीस त्याला. कशावरून, तर पनवेलचा एक डॉक्टर, मिसरूड न फुटलेला, पोरीच्या डोक्याला वायरी लावतो, मशीनवरच्या रेघा बघतो आणि सांगतो, हिला जन्मापासून ऐकू येत नाही. आणि तू तिथेच दवाखान्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरलंस. सगळे पेशंट बघत होते. जितेश मान खाली घालून उभा. मला शरम वाटली गो.

किमया बहिरी असती तर मला कळलं नसतं? मला? उभा जन्म अंगणवाडीत काढला मी. निम्मं जोहे माझ्या पुढ्यात बसून बोलायला शिकलं. पोरं मला बाई म्हणत नाहीत, भूभूबाई म्हणतात, आता त्यांची पोरंही म्हणतात. पहिल्या दिवशी रडत आलेल्या पोराला मी कधी 'रडू नको' म्हटलेलं नाही. मी आपली कुत्र्याचं भू भू काढते. मग मांजराचं म्याँव, मग गाडीचं पों पों. पोर गप्प होतं, बघतं, हसतं, आणि मग स्वतःच काढतं. तिथून त्याची जीभ सुटते.

किमयाला पेणच्या दवाखान्यातून घरी आणली तो दिवस आठव. उंबऱ्यातच मी काशाची थाळी वाजवली. आपल्यात वाजवतातच, म्हणजे पोर पुढे कसल्या आवाजाला दचकत नाही. लाटण्याने अशी ठाणकन मारली की शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून माणसं हातातला पॉलिशपेपर घेऊन बाहेर आली. आणि तुझी लेक? टकामका बघत होती. दचकली नाही, रडली नाही. बाया म्हणाल्या, "शांतीबाय, नात धीट हाय गो तुझी." मी गावभर पेढे वाटले. तूही हसत होतीस त्या दिवशी. आता म्हणतेस, "आत्या, ती दचकली नाय तवाच आपल्याला समजायला पायजे होतं." असं उलटं बोलायला कुणी शिकवलं तुला?

जितेश म्हणाला, तू रेशनकार्ड मागते आहेस. सरकारी योजनेतून म्हणे ऑपरेशन होतं, कानात काहीतरी बसवतात, वर डोक्याला चकती लावतात, त्याला कार्डावर पोरीचं नाव लागतं. आणि जितकं लवकर तितकं बरं, पोर पाच वर्षांच्या पुढे गेली तर योजनाही नाही आणि उपयोगही नाही. कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. पोरीला घेऊन ये, गुपचूप नांद, मग बघू. डोक्याला चकती चिकटवलेली नात कडेवर घेऊन भूभूबाई जोह्यात फिरणार नाही, हे तुझ्या बापालाही वाचून दाखव.

तुझी आत्या
(आणि सासूही, विसरली असशील तर)


जोहे, ५ ऑक्टोबर २०२३

मृणाली,

तुझ्या पत्रात चार ओळी होत्या. त्यातल्या तीन कार्डाच्या. चौथी वाचून मात्र मी मोठ्याने हसले. लिहितेस, अलिबागला बोलायला शिकवणाऱ्या ज्या मॅडम आहेत त्या म्हणाल्या, मशीन बसलं की पोरीला आधी शब्द शिकवायचेच नाहीत, आवाज शिकवायचे. गायीचं हम्मा, गाडीचं पों पों. अगो बाय माझे! त्या मॅडम जे शिकून आल्या ते मी न शिकता जन्मभर केलं आणि ते करणारी घरात असताना तू अलिबागला हेलपाटे घालतेस.

आता बस आणि ऐक, कारण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. माणसाला शब्द दिले कुणी? पुस्तकांनी? छट्! वस्तूंनी आपापली नावं आपणच सांगितली. कावळा काव म्हणाला, तो कावळा झाला. टिटवी टिटिव टिटिव करत खाजणावरून गेली, ती टिटवी. माझ्या बापाने रोह्यात पहिली मोटारसायकल बघितली तेव्हा तिचं नाव सांगायला कुणी आलं नव्हतं, ती स्वतःच बोंबलत आली, फट फट फट. झाली फटफटी. पोराला 'श्वान' शिकव बघू. वर्ष जाईल. भू भू म्हटलंस की दुपारपर्यंत कुत्रा त्याच्या मालकीचा होतो. त्यातच गोडी आहे. शब्द आणि वस्तू एकाच घासात तोंडात येतात.

पेणला एकदा आम्हा सेविकांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ह्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात आणि असे शब्द भाषेत मूठभर असतात, बाकीचे माणसांनी आपापसांत ठरवलेले. आपला कोंबडा कुकूचकू, हिंदीवाल्यांचा कुकडू कू, कोंबडा तोच. मी उठून उभी राहिले. मला कुठे राहवतंय? म्हटलं, मॅडम, मूठभर कसे? पाऊस पत्र्यावर ताडताड, कौलावर टपटप, दिवसभर लागला की रिपरिप. बांगड्या किणकिण, भांडी खणखण, सुनेचं तोंड फणफण. बाया खो खो हसल्या. म्हटलं, पुढे ऐका. ज्याला आवाजच नाही त्यालाही आपण आवाज दिलाय. चांदणी लुकलुकते. गणपतीचा मुकुट लखलखतो. जखम ठणकते, डोळे चुरचुरतात. आणि जिथे कसलाच आवाज नाही तिथे काय असतं? शुकशुकाट! सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "छान. पण बाई, हे ऐकणाऱ्याचं झालं. ज्याने जन्मात काही ऐकलं नाही, त्याला लुकलुक म्हटलं तर काय कळेल?"

मला तो प्रश्न आवडला नाही. मी खाली बसले.

त्यांना काय कळतंय! मी माझ्या नातीला शिकवलं की नाही? सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम आठव. फळ्यांचं स्टेज, पोरं ओळीत, मी स्टेजवरच त्यांच्यासमोर बसून विचारते, कुत्रा कसा करतो? किमया पहिल्या ओळीत, गुलाबी फ्रॉक. बरोब्बर तोंड केलं तिने. गाल फुगवले, ओठ पुढे काढले. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू मागून कुजबुजलीस, "आत्या, तिचा आवाज येत नाय." मग? बाकीच्या पोरांचा येत होता ना! मी फळीवर टाच आपटली की तिने माझ्या तोंडाकडे बघायचं, हे मी तिला घरात दार लावून शिकवत होते, महिनाभर. कुठल्या आजीने घेतली असती एवढी मेहनत?

तू आता म्हणशील, ऐकू येत होतं तर टाच कशाला आपटलीस. तुला प्रत्येकात खोट काढायची सवय आहे. ती तुझ्या आईची, हौसाची. गडबची माणसं तशीच.

गणपतीच्या दिवसांत शेजारच्या कारखान्याचा मालक जनूशेट मला सगळ्यांच्या देखत म्हणाला, "शांतीबाय, एवढे सुपाएवढे कान करतो आम्ही. एक जोडी नातीला ने." रंगवणारी पोरं हसली. मीही हसले. घरी येऊन जेवण गेलं नाही. त्याला कुणी सांगितलं? पेणच्या स्टँडवर रडत रडत ज्या ज्या बाईने विचारलं तिला सांगत सुटलीस ना, त्याचं हे फळ. माझं तोंड काळं करून तू रोह्याला वारा खात बसलीस.

कार्ड ट्रंकेतच आहे.

शांती


जोहे, १८ फेब्रुवारी २०२४

मृणाली,

ह्या वेळी बरंच लांब लिहिलंस. म्हणजे घाबरलीस.

डॉक्टरने विचारलं की घरात कुणी जन्मतः बहिरं होतं का, आणि तू फटकन माझ्या धाकट्या बहिणीचं, बायजाचं नाव सांगितलंस. एवढी काय घाई झाली होती? मग तुझ्या बापाला विचारलंस. गुणाजी म्हणाला, "मी सगल्यात धाकटा, मना काय म्हाईत? शांतीला इचार." म्हणून मला विचारतेस: बायजा आत्या कधीतरी बोलत होती का?

बोलत होती. पोपटासारखी बोलत होती. तीन वर्षांची असताना तिला ताप आला, तापात कान गेले. हे लिहून घे आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेव. आई गेली, बाप गेला, आता सांगणारी मी एकटी उरले आहे आणि मी हे सांगते आहे.

तू कशाला विचारतेस ते मला समजत नाही असं समजू नकोस. बायजा जन्मापासून तशी, म्हणजे दोष आमच्याच घरातला. आणि तो ठाऊक असून शांतीने मुलाला मामाचीच मुलगी केली, रक्तात रक्त घातलं, हे तुला जितेशच्या कानात ओतायचं आहे. ओतून बघ. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, हे गडबकडून आलं, तुझ्या हौसामामीच्या माहेरचं. तो कंपनीतून शिफ्ट संपवून येतो, मी वाढते ते जेवतो आणि मी सांगते त्यावर विश्वास ठेवतो. दोन वेळा रोह्याला जाऊन आला, पोरीला खाऊ दिला, तुझ्याशी बोलला का? नाही ना?

बायजाबरोबर वाढणं म्हणजे काय, ते तुला नाही ठाऊक. तू तिला म्हातारी बघितलीस, भाकऱ्या थापणारी, गोड हसणारी. आम्ही नदीवर धुणं घेऊन गेलो की पोरं मागे लागायची, "ब्याबी! ब्याबी!" ती चिडली की तोंडातून ब्या ब्या असा आवाज यायचा, त्यावरून नाव पाडलेलं. कावळ्याचं पडलं तसंच. आणि मला 'ब्याबीची बहीण'. मला बघायला पहिलं स्थळ आलं, त्यांनी तिला ओट्यावर बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या स्थळाच्या वेळी आईने शहाणपणा केला. बायजाला गोठ्यात कोंडली. पाहुणे बसले आणि ती आतून दारावर थापा मारायला लागली, ओरडायला लागली. आईचं तोंड पांढरंफटक. मी काय केलं माहीत आहे? डोकीवरचा पदर सावरला आणि म्हटलं, मला पक्ष्यांचे आवाज काढता येतात, काढू का? आणि सुरू झाले. कावळा, टिटवी, कोंबडा, रेडकू. जितक्या जोराने ती दार वाजवायची तितक्या जोराने मी ओरडायचे. पाहुणे पोट धरून हसले. जितेशचे वडील तर खूशच, म्हणाले, पोरगी गमतीची आहे. सुपारी फुटली.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा बायजाच्या हातांची सालं निघाली होती. तिला कशाला कोंडलं ते तिला कोण सांगणार आणि कसं? माझं लग्न झालं, मी सुटले. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिचं काय होणार होतं ते तसंही होणारच होतं.

आता कामाचं. कार्ड हवं असेल तर दोन गोष्टी कर. डॉक्टरला लेखी दे की आमच्या घरात जन्मतः बहिरं कुणी नव्हतं, त्याची झेरॉक्स मला पाठव. आणि बायजाला पोरीपासून लांब ठेव. जितेश सांगत होता, दोघी दिवसभर हातवारे करत बसतात, पोरीने तांदूळ, पाणी, मांजर असल्या सगळ्या खुणा उचलल्या. माणसांना डोळे आहेत. दोघींना शेजारी बसलेलं बघून आंधळाही ओळखेल. गुणाजीला म्हणावं, बायजाची वेगळी सोय कर. कुठेही.

दोन्ही झालं की मी स्वतः रजिस्टरने पाठवीन.

तुझं भलं बघणारी,
शांती आत्या


जोहे, २१ एप्रिल २०२५

काय केलंस गो तू माझ्या मुलाला?

वर्षभर रडगाणं गात होतीस. लेखी दिलं आत्या, झेरॉक्स मिळाली का आत्या, चार पूर्ण झाली आत्या, डॉक्टर ओरडतात आत्या. झेरॉक्स मिळाली होती. पण बायजा हलली का घरातून? नाही. गुणाजी म्हणतो, बहिणीला ह्या वयात कुठे टाकू? मग कार्ड कसं मिळणार? ठरलं होतं ते ठरलं होतं. मी शब्दाची पक्की आहे.

पण तू माझ्या पाठीमागे जितेशला फितवलंस. नाहीतर असं होणारच नाही. नीट सांगते म्हणजे तुला कळेल मला किती कळलंय.

परवा माझा निरोपसमारंभ झाला. मांडव, खुर्च्या, सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, सरपंच, मी शिकवलेली पोरं आणि त्यांची पोरं. शाल, श्रीफळ. ती बारकी पिंकी, पेणला कॉलेजला जाते आता, तिने माईकवरून विचारलं, "बाई, हे आवाज काढायला तुम्ही कधी शिकलात?" आता मला असं कुणी विचारलं तर मी थांबते का?

मी सांगितलं. तुलाही तेच सांगते, त्यात वाईट काय ते शोधून काढ.

म्हटलं, मी सहा वर्षांची होते. आई लावणीला जायची, धाकटी बहीण पाळण्यात, रडली तर रमवायला मी. मी पाळण्यामागे उभी राहून काव काव करायचे. ती वळायची नाही. मांजर केलं, बकरी केली, टिटवी केली, घसा बसला. छे! मागून केलेल्या कशालाच वळायची नाही. मग मी पुढे आले आणि तोंड वेडंवाकडं करून तेच सगळं केलं, तर अशी हसली, अशी हसली, की पाळणा हलायला लागला. तेव्हा मला उमजलं की आवाज नुसता घशातून काढून भागत नाही, अख्ख्या तोंडाने काढावा लागतो. म्हणून माझं भू भू पोरांना बघायलाही आवडतं. मांडवात टाळ्याच टाळ्या. सुपरवायझर मॅडमनी डोळे पुसले.

जितेश पुढच्या रांगेत होता. त्याचे हात मांडीवर. मला वाटलं, शिफ्ट करून आलाय, दमला असेल. जेवणाला वडे आणि कोंबडीचा रस्सा होता, त्याच्या आवडीचा. पानावर बसलाच नाही.

घरी आले तर ट्रंकेचं कुलूप तुटलेलं. हातोडी तिथेच पडलेली. तो दारात बॅग घेऊन उभा.

म्हणाला, "आई, मावशी पाळण्यात होती तवा ताप आला नव्हता ना?"

मी म्हटलं, "कसला ताप?"

आता मला काय माहीत तो काय विचारतोय! दिवसभर माणसांत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. लगेच म्हटलं, हो हो, ताप, तो नंतर आला, तीन वर्षांची असताना. पाळण्यातलं पोर कधी वळतं, कधी नाही वळत. सगळ्यांनी वकीलच व्हायचं ठरवलंय का?

तो म्हणाला, "तू मना सांगितलंस, हौसामामीकडून आलं. दोन वर्सं मी मृणालीच्या तोंडाकडं बघितलं नाय."

मी म्हटलं, "भावाची पोर सून करून आणली, काय पाप केलं? आपल्यात करतात. माझ्याच रक्ताची सून मला हवी होती, म्हातारपणी मला बघणारी."

"लगनाचं सोड," तो म्हणाला. "पोरीची दोन वर्सं तू कुलपात घातलीस."

हे वाक्य त्याचं नाही. तो वेल्डर आहे, डोलवीला कंत्राटदाराकडे वेल्डिंग करतो, असलं बोलणं त्याला येत नाही. तूच पढवलंस. दुसरं कोण?

गेला. वहाणा घालतानाही माझ्याकडे बघितलं नाही. फोन केला तर उचलत नाही. तुला नवरा मिळाला, कार्ड मिळालं, आता छातीवर दगड ठेवल्यासारखं तोंड करून फिरू नकोस. आणि लिहून ठेव, ऑपरेशन करून काही होणार नाही. चार वर्षं उलटल्यावर कसली भाषा येते? मी पोरं शिकवली आहेत. मला माहीत आहे जीभ कधी सुटते आणि कधी सुटायची राहून जाते. मला तेव्हाही माहीत होतं.

शांती


जोहे, ९ डिसेंबर २०२५

मृणाली,

घरी नीट पोचले. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते.

तुम्ही कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी आले. सात महिने ह्या घरात मी एकटी भांड्यांशी बोलते आहे. शेजारी पडद्याआडून विचारतात, "जितेश आला का गो?" मी म्हणते, रोह्याला बायकोकडे आहे, तिकडच्या कंपनीत लागला, पगार चांगला आहे. शेवटी म्हटलं, आजी आहे मी, माझ्याच भावाचं घर, मला कोण अडवतं? पेणहून एसटी धरली, नागोठण्याला गाडी बदलली. सगळ्या वाटेने मी घसा खाकरून साफ करत होते. खडीसाखर खाल्ली. बाजूच्या बाईला वाटलं मला खोकला आहे.

मला तिला माझे आवाज ऐकवायचे होते. ऑपरेशन झालं, आता ऐकू येतंय ना? मग पहिल्यांदा माझे ऐकू दे. कोणीतरी अलिबागची मॅडम पगारावर शिकवणार आणि भूभूबाईच्या नातीला भूभूबाईचा आवाज माहीत नसणार, हे कसं चालेल?

किती उंच झाली गो. अंगणात बसली होती, बायजा तांदूळ पाखडत होती तिच्या शेजारी. कानावर ते यंत्र, केसांत ती चकती. मला बघून उठली नाही. तू आतून आलीस, 'या' म्हणालीस, आत्या म्हणाली नाहीस. पाणी दिलंस. मी विचारलं, बोलते का? तर तू अगदी थंडपणे सांगितलंस, जसं कुणी भाव सांगतं, "आवाज कळतात. शब्द सावकाश येतात, काही येणारच नायत. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणली असती तर शाळेत बाकीच्या पोरांसारखी बोलली असती." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात मांजर आलं आणि ती म्हणाली, "म्यॉ." वर-खाली काहीच नाही, सपाट, पिठाच्या गिरणीसारखा आवाज. तरी म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तू बघितलंस आणि दुसरीकडे बघितलंस.

मग मी पुढे सरकून बसले आणि सुरू केलं. भू भू. पोरगी वळली! माझ्या आवाजाला वळली. मग मला थांबवतंय कोण? मांजर, बकरी, रेडकू, टिटवी, पत्र्यावरचा पाऊस, फटफटी, सगळं. निरोपसमारंभात काढले नव्हते असे काढले. गुणाजी दारात येऊन हसायला लागला. जितेशही आला, कामावरून नुकताच आलेला, कमरेला पंचा. ती सगळं ऐकत होती. कपाळाला आठी घालून, मान थोडी तिरकी करून, एकेक ऐकत होती. मला वाटलं, जिंकले.

मग तिने केसांत हात घातला, ती चकती ओढून काढली, कानावरचं यंत्रही काढलं, आणि दोन्ही फ्रॉकच्या खिशात ठेवलं. खिशावरून हात फिरवला. आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. माझं तोंड चालूच होतं.

मी तुला म्हटलं, अगो तिला सांग ना लावायला, मी हळू काढते. तू म्हणालीस, "आत्या, आवाज नको असला की ती मशीन काढते. तिला तेवढं जमतं. आमाला नाय जमलं कधी." एवढं विष कुठे साठवलं होतंस गो? माझ्या घरात असताना तर तोंडातून ब्र काढत नव्हतीस.

असं वागतात का म्हाताऱ्या माणसाशी? कुणी तिला एक शब्दाने बोललं नाही. जितेश खांबाला टेकून उभा. मी गप्प बसले तेव्हा ती बायजाकडे वळली आणि हाताने काहीतरी केलं. माझ्याकडे बोट केलं, मग दोन्ही हात असे गालांपाशी नेले आणि झटकन उघडले, मग पुन्हा काहीतरी, फार पटापट. बायजाच्या हातातलं सूप थांबलं. ती आधी माझ्याकडे बघून कसनुशी झाली, आणि मग तिला हसू आवरेना. पोरगीही हसली. तू तोंडावर पदर घेतलास, पण तूही हसलीस, मी बघितलं. आणि जितेश. माझा जितेश. त्याला ते हातवारे कळतात आता, त्याने मान फिरवली आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय करत होता ते मला मागून कळलं नाही.

मी विचारलं, काय म्हणाली? कुणी सांगितलं नाही. जेवताना विचारलं, तू भात वाढलास. गुणाजीला विचारलं, तो म्हणाला, मला त्यातलं एवढं समजत नाय. जितेश मला स्टँडवर सोडायला आला, तिथे मी त्याचा हात धरून विचारलं. तो म्हणाला, "आई, गाडी लागली."

घरी आल्यापासून मी आरशासमोर उभी राहून ते करून बघते. बोट, मग गालांपाशी दोन्ही हात, मग उघडायचे. त्याच्या पुढचं मला आठवत नाही, ती फार पटकन करते.

मृणाली, माझा नंबर ब्लॉकच असू दे. पत्रातच लिही. वाईट असलं तरी चालेल, शिवी असली तरी चालेल, मी कुणाला सांगणार नाही. पण ती माझ्याबद्दल काय म्हणाली ते एवढं मला कळव.

शांती